मोवरची बॅटरी ११.७ व्होल्टवर, लिथियम पॅकचा लाल दिवा लुकलुकतोय : चार्ज कसं करावं?

हिरवळ_२८ यांचा प्रश्न

बागेतल्या यंत्रांच्या दोन वेगळ्या बॅटऱ्यांबद्दल विचारायचं आहे.

पहिली बसून चालवायच्या मोवरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची. पेट्रोल इंजिन, सेल्फ स्टार्ट. बॅटरी १२ व्होल्ट, २८ अँपिअर-तास, लेड-ॲसिड, वर सहा झाकणं असलेली, म्हणजे पाणी घालायची. मोवर साडेचार महिने जागचा हललेला नाही. किल्ली फिरवली की सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा स्विच) नुसता टकटकतो, इंजिन फिरत नाही. मल्टिमीटर ११.७ व्होल्ट दाखवतो. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचला आहे आणि एका सेलमध्ये प्लेटांची वरची कड उघडी पडली आहे. चार्जर कारचा, जुना. २ आणि १० अँपिअर अशी दोन बटणं, बॅटरी भरली तरी आपोआप बंद न होणारा.

दुसरी ४० व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची लिथियम, ट्रिमर आणि चेनसॉसाठी. पॅक दोन आहेत. एक ट्रिमर बंद पडेपर्यंत वापरून तसाच ठेवला होता. आता चार्जरवर लावला की लाल दिवा लुकलुकतो. दुसरा सगळा वेळ चार्जरवरच लावलेला होता, तो चालतो, पण पूर्वीइतका वेळ पुरत नाही.

१) मोवरची बॅटरी या चार्जरवर लावावी का, आणि यंत्रातच ठेवून की काढून?
२) लिथियमचा रिकामा पॅक जागा करण्याची सुरक्षित पद्धत आहे का?
३) पुढच्या वेळी दोन्ही कशा ठेवायच्या?

---

अँपिअरतास यांचं उत्तर

मोवरच्या बॅटरीचं सांगतो. चार्जरला हात लावायच्या आधी पाणी बघा. प्लेटा उघड्या असताना चार्ज केलं तर उघडा भाग तापतो, वाळून कडक होतो आणि तेवढी क्षमता कायमची जाते. पण आत्ताच गळ्यापर्यंत भरू नका. प्लेटा जेमतेम बुडतील, त्यांच्या वर ३ ते ५ मिलिमीटर येईल एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्ज होताना आतलं द्रव फुगतं आणि बुडबुड्यांमुळे पातळी चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड झाकणांतून बाहेर येऊन ट्रे खाऊन टाकतं. पूर्ण पातळी चार्जिंग संपल्यावर करायची, गळ्याच्या खालच्या कडेच्या किंचित खाली. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आणि लोह प्लेटांवर बसून बॅटरी आपोआप उतरायचा वेग वाढवतात. आणि ॲसिड तर अजिबात घालू नका. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

११.७ व्होल्ट म्हणजे जवळजवळ रिकामी. भार नसताना, काही तास तशीच ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. बॅटरी उतरत जाते तशी प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं आणि बारीक कणांचं असतं तोवर चार्जिंगने परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे मोठे कडक स्फटिक बनतात, ते मग विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. मोवरच्या बॅटऱ्या वापराने कमी आणि अर्धवट भरलेल्या पडून राहिल्यानेच जास्त मरतात. तुमची किती वाचते ते चार्ज केल्यावर कळेल.

बॅटरी काढूनच चार्ज करा. बहुतेक मोवरमध्ये ती सीटखाली, पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर असते आणि तिथे हवा खेळत नाही. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना चासीला (यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला) टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. पाना लाल होतो, टर्मिनल वितळतं. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी हातमोजे.

टर्मिनलवरचा थर धुवायला एक चमचा खाण्याचा सोडा पेलाभर पाण्यात मिसळा. त्याआधी सहाही झाकणं घट्ट लावा, सोड्याचा थेंब सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिड निकामी होतं. फेस येणं थांबलं की साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, तारेच्या ब्रशने शिसं चमकेपर्यंत घासा. केबलचं टोकही आतून घासायला विसरू नका. व्हॅसलीन किंवा टर्मिनल ग्रीस जोडणी घट्ट केल्यानंतर वरून लावायचं.

आता चार्जिंग. २ अँपिअरचं बटण. पाणी घालायच्या बॅटरीला अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट सोसतो, म्हणजे तुमच्या बॅटरीला सुमारे २.८ अँपिअर. १० अँपिअर म्हणजे क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. बॅटरी तापेल, पाणी उकळल्यासारखं उडेल, आणि सल्फेट झालेल्या प्लेटा तेवढा करंट आत घेऊ शकणार नाहीत. तो पाणी फोडण्यातच जाईल.

वेळेचा हिशेब: २८ भागिले २ म्हणजे १४ तास, त्यात चार्जिंगमधला तोटा धरून १७ ते १९ तास. तुमचा चार्जर स्वतः थांबत नाही, म्हणून रात्री लावून झोपू नका. दिवसा लावा, रात्री बंद करा, दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. मध्ये खंड पडल्याने काही बिघडत नाही. पहिले दहा तास दर दोन तासांनी आणि मग दर तासाला व्होल्टेज आणि बॅटरीच्या अंगाची उष्णता बघा. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा, निवू द्या. साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे बुडबुडे जोरात येऊ लागतात. तासाच्या अंतराने घेतलेली सलग तीन वाचनं सारखी आली, की भरली.

ते बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे असतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो, आणि बॅटरी फुटली की ॲसिड थेट तोंडावर येतं. म्हणून मोकळ्या हवेत, बंद खोलीत नाही. झाकणं जागेवर, पण त्यांची बारीक छिद्रं साफ. चार्जर बॅटरीच्या वर ठेवू नका, शेजारी वायर पुरेल तितका लांब ठेवा. क्लिपा आधी लावायच्या, मग प्लग चालू. काढताना आधी प्लग बंद, मग क्लिपा. चालू चार्जरची क्लिप ओढल्यावर उडणाऱ्या ठिणगीने अपघात होऊ शकतात, तेवढं टाळलं तरी पुष्कळ झालं. त्वचेवर किंवा डोळ्यात ॲसिड गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धरा. डोळ्याचं असेल तर त्यानंतर लगेच डॉक्टर.

चार्जिंगनंतर सहा-आठ तास ठेवून मगच व्होल्टेज मोजा. लगेच मोजलेला आकडा फुगलेला असतो. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचं साधन) मिळाला तर प्रत्येक सेलची घनता घ्या: भरलेल्या सेलची १.२६५ च्या आसपास, पाऊण भरलेल्याची १.२२५, अर्ध्याची १.१९०. (उष्ण हवामानासाठी बनवलेल्या काही बॅटऱ्यांत मुळातच सौम्य ॲसिड असतं, त्यांचा भरलेला आकडा कमी असतो, लेबल बघा.) आकड्यापेक्षाही सेलांमधला फरक महत्त्वाचा. ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर तो सेल आजारी आहे. आणि पूर्ण चार्जनंतरही बॅटरी १०.५ वर अडून बसली तर एक सेल शॉर्ट झालाय असं समजा, पाचच सेल काम करताहेत. तिच्यावर आणखी वेळ घालवू नका.

---

पॅकवैद्य यांचं उत्तर

लिथियमचं मी लिहितो. आधीच सांगतो, वरच्या उत्तरातलं काहीही लिथियमला लावू नका. शिशाची बॅटरी भरलेली ठेवायची असते, लिथियम अर्धी. तुम्ही दोन पॅकना नेमकी दोन टोकांची वागणूक दिली आहे, एक तळाला ठेवला, एक माथ्यावर. दोघांनाही त्रास झाला.

४० व्होल्टच्या पॅकमध्ये एकामागे एक जोडलेल्या दहा सेलांची रांग असते. लेबलवरचे ४० व्होल्ट हे भरलेल्या स्थितीतले. काम करताना सरासरी ३.६ व्होल्ट प्रत्येकी, म्हणजे ३६. तुमच्या पॅकमध्ये सुमारे १४४ वॉट-तास ऊर्जा मावते. हा आकडा लक्षात ठेवा, एवढी ऊर्जा एकदम सुटली की काय होतं ते पुढे येतंच.

लाल लुकलुकण्याची तीन मुख्य कारणं. पॅक फार गरम किंवा फार थंड. संपर्कपट्ट्यांवर घाण किंवा पॅकच्या आतल्या संरक्षक सर्किटचा चार्जरशी संवाद नाही. किंवा सेल फार खाली गेले आहेत. दिवा कसा लुकलुकतो, हळू, जलद की लाल-हिरवा आलटूनपालटून, याचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो आधी बघा.

मग हे करा. पॅक खोलीच्या तापमानाला दोन तास ठेवा. पट्ट्यांमधलं गवत, भुसा कोरड्या मऊ ब्रशने काढा. डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्या. सँडपेपर नको, त्यावरचा पातळ मुलामा जातो. तेलाचा स्प्रे नको, त्यावर धूळ चिकटते. चार्जरचा प्लग काढून मिनिटभर थांबा, परत लावा, पॅक 'टक' होईपर्यंत बसवा. यानंतर हिरवा झाला तर ठीक. पहिलं चार्जिंग तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या आणि पॅक नेहमीपेक्षा जास्त तापतो का बघा.

तरीही लाल असेल तर सेल बहुधा २.५ व्होल्टच्या खाली गेलेत. ट्रिमर बंद पडतो तेव्हा पॅक पूर्ण रिकामा नसतो, थोडं राखून संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. पण तेच सर्किट स्वतः सतत थोडा करंट खात राहतं, शिवाय सेलांची आपली गळती असते. काही महिन्यांत ती राखीव ऊर्जा संपते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. वायरी लावून दुसऱ्या पॅकने किंवा साध्या पॉवर सप्लायने त्याला 'धक्का' देण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते करू नका. सेल फार खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. परत चार्ज करताना तेच तांबं चुकीच्या जागी जमतं आणि सेलच्या आत शॉर्टचे बारीक पूल बनतात. पॅक त्या दिवशी चालेलही. पण पंधरा दिवसांनी, भर चार्जिंगमध्ये, तो आतून शॉर्ट होऊ शकतो. चार्जर नकार देतो तो याच कारणासाठी. वॉरंटी असेल तर अधिकृत सेवा केंद्रात द्या, नसेल तर पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्या. घरच्या कचऱ्यात कधीही नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की पेटतो.

मल्टिमीटरने बाहेरून शून्य दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका. बऱ्याच पॅकमध्ये यंत्राशी जोडल्याशिवाय संरक्षक सर्किट बाहेर व्होल्टेज देतच नाही. उघडून बघायचा मोह मात्र टाळा.

दुसरा पॅक, सतत चार्जरवर असलेला: भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हाळी शेडमध्ये, लिथियम पटकन म्हातारी होते. गेलेली क्षमता परत येत नाही. इथून पुढे असं ठेवा:

हंगाम संपला की चारपैकी दोन दिवे पेटतील एवढा चार्ज, म्हणजे ४० ते ६० टक्के. यंत्रातून आणि चार्जरवरून काढलेला. कोरडी जागा, शक्यतो १५ ते २० अंश सेल्सिअस. पत्र्याच्या शेडपेक्षा घरातलं कपाट बरं. सोबत खिळे, पाने, साखळ्या नकोत. दर तीन महिन्यांनी दिवे बघायचे. एकच उरला असेल तर थोडा वेळ चार्ज करून परत दोनवर आणायचा.

हंगामात: काम झाल्यावर गरम पॅक लगेच चार्जरवर घालू नका, अर्धा तास सावलीत ठेवा. चार्जिंग शून्य अंशाखाली अजिबात नाही. थंडीत लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये शिरत नाहीत, वर धातूचा थर म्हणून बसतात, आणि ते नुकसान दिसत नाही पण राहतं. वरची मर्यादा साधारण ४० अंश. भिजलेला पॅक चार्ज करू नका. पाण्यात बुडाला असेल तर वाळल्यावरही नाही.

चार्जर त्याच पॅकसाठी बनवलेलाच हवा. खाच जुळते आणि व्होल्टेज सारखं आहे, एवढ्यावर दुसऱ्याचा लावायचा नाही. सेलांचं तापमान आणि समतोल तो वाचत असेलच असं नाही. चार्जर फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवा, लाकडी फळीवर पुठ्ठ्यांच्या शेजारी नको. आणि बाहेर पडायच्या दाराच्या वाटेवर तर नकोच. गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळीत ती तापते.

पॅक फुगला, कवच तडकलं, सेंटसारखा गोडसर वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा चार्जिंग संपून तासाभरानंतरही गरम राहिला, तर तो पॅक संपला. शक्य असेल तर घराबाहेर हलवा, उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून काही मीटर दूर ठेवा. धूर सुरू झाला असेल तर हात लावू नका, माणसांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुप्फुसं जाळतो. अशी आग विझवायला भरपूर पाणीच लागतं, कारण शेजारचे सेल थंड करायचे असतात. आणि विझल्यासारखी दिसली तरी तासांनंतर परत पेटू शकते.

---

मीटरधारी यांचं उत्तर

दोन्ही उत्तरं पटली. एक गोष्ट राहिली: बॅटरी इतकी उतरली कशाने?

भरलेली पाणीवाली बॅटरी २५ अंशाला महिन्याला साधारण ५ टक्के आपोआप उतरते, तापमान १० अंश वाढलं की तो वेग जवळपास दुप्पट. साडेचार महिन्यांत २८ पैकी ६-७ अँपिअर-तास जायला हवे होते. म्हणजे १२.४ च्या आसपास दिसायला हवी होती. तुमची ११.७ वर आहे. एक तर मोवर उभा करताना ती भरलेली नव्हती, किंवा बंद यंत्र करंट खातंय. साडेचार महिने म्हणजे सुमारे ३२४० तास. उरलेले २१ अँपिअर-तास संपवायला साडेसहा मिलिअँपिअर पुरे होतात. तास मोजणारं मीटर किंवा ओलावा धरलेला किल्लीचा स्विच एवढं सहज खातो.

मोजायची रीत: भरलेली बॅटरी बसवा, किल्ली बंद आणि बाहेर. निगेटिव्ह केबल सोडवा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटी केबल यांच्यामध्ये धरा. मीटर जोडलेलं असताना किल्ली फिरवायची नाही, स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज उडतो. आकडा अगदी छोटा असेल तर मिलिअँपिअरच्या भोकात या. करंट दिसला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर दोष आहे. शोधायचा कंटाळा असेल तर निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवा. उभ्या हंगामासाठी ते पुरेसं आहे.

मग चार्जिंग सर्किट. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, मल्टिमीटर टर्मिनलवर: रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) असलेल्या इंजिनात १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन बंद असतानाचाच आकडा राहिला तर स्टेटरकडून (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांकडून) काही येत नाही. आधी फ्यूज, मग रेग्युलेटरचा कनेक्टर आणि त्याची चासीची पकड बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, तोच पाणी उडवतो.

स्टार्ट करताना बॅटरी ९.६ च्या खाली पडू नये. बॅटरी १०.५ धरून आहे आणि तरी इंजिन जड फिरतं, तर केबल तपासा: एक टोक पॉझिटिव्ह शिशावर, दुसरं स्टार्टरच्या बोल्टवर, आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढं केबल आणि जोडण्या खातात.

आणि एक समज. 'अधूनमधून दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवा' असं सर्रास सांगितलं जातं. छोट्या इंजिनांचा स्टेटर बऱ्याचदा ३ अँपिअरचाच असतो, तोही पूर्ण वेगावर. दहा मिनिटांत जास्तीत जास्त अर्धा अँपिअर-तास जातो. स्टार्टरने घेतलेलं भरून निघतं, पण अर्ध्यावर आलेली बॅटरी भरायला याच वेगाने पाच तासांहून जास्त लागतील. वर इंजिन नीट न तापल्याने तेलात ओल साचते, ते वेगळंच.

---

हिरवळ_२८

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. लिथियमचा रिकामा पॅक पट्ट्या साफ करूनही लाल आहे, तो संकलनात देतो.

मोवरची बॅटरी २ अँपिअरवर एकूण १९ तास दिली. आठ तास ठेवल्यावर १२.५६ व्होल्ट. हायड्रोमीटर: पाच सेल १.२६० आणि एक १.१९५. तो एक म्हणजे प्लेटा उघड्या होत्या तोच. व्होल्टेज बरं दिसतंय, मग चालेल का? शिवाय आपोआप थांबणारा चार्जर घ्यायचा झाला तर काय बघायचं?

---

अँपिअरतास

व्होल्टेज बरं दिसतंय, हीच फसगत आहे. सेलचं व्होल्टेज ढोबळमानाने घनता अधिक ०.८४५. पाच सेल प्रत्येकी २.१०५, एक २.०४, बेरीज तुमचेच १२.५६. एक सेल अर्ध्यावर असूनही एकूण आकड्यात सहा-सात शतांश व्होल्टच कमी दिसतात. पण स्टार्टरचा भार आला की तोच सेल आधी कोसळतो.

एक प्रयत्न करण्यासारखा आहे: समतोल चार्ज. पूर्ण भरलेल्या बॅटरीला कमी करंटवर आणखी काही तास जास्तीचं चार्जिंग, म्हणजे मागे राहिलेला सेल बाकीच्यांना गाठतो. तुमच्या २ अँपिअरवर एकेका तासाचे टप्पे करा. प्रत्येक टप्प्यानंतर त्या सेलची घनता, पातळी आणि उष्णता बघायची. व्होल्टेज १५.५ च्या पुढे जाईल, घाबरू नका, पण बॅटरी यंत्रातून बाहेर आणि उघड्यावरच हवी. तीन टप्प्यांत घनता चढत असेल तर पुढे चला. सलग दोन टप्पे हलली नाही तर थांबा, तो सेल गेला. हे फक्त पाणी घालायच्या बॅटरीला. सीलबंद बॅटरीला असं केलंत तर उडालेलं पाणी परत घालायची सोय नसते.

---

मीटरधारी

चार्जरबद्दल: तुमच्या बॅटरीला २ ते ४ अँपिअरचा, तीन टप्प्यांचा. आधी पूर्ण करंट, मग १४.४ ते १४.८ व्होल्टवर स्थिर धरून करंट उतरत जाणारा, शेवटी १३.२ ते १३.६ वर तरंगता, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच टिकवणारा. बॅटरीचा प्रकार निवडायची सोय हवी, कारण एजीएमला (काचतंतूंच्या गादीत ॲसिड शोषलेली सीलबंद बॅटरी) १४.४ ते १४.७ लागतात आणि जेलला (ॲसिड जेलीसारखं घट्ट असलेली) त्याहून कमी, १४.१ ते १४.४. तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा मिळाला तर उत्तम. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट कमीजास्त करावे लागतात. भर उन्हाळ्यात बॅटऱ्या कोरड्या पडतात त्यात याचा मोठा हात असतो.

असे चार्जर अगदी मेलेली बॅटरी ओळखत नाहीत, चार्जिंग सुरूच करत नाहीत. शिशाच्या बॅटरीला अशा वेळी शेजारी चांगली बॅटरी समांतर जोडून दहा-पंधरा मिनिटं चार्जरला चकवता येतं. हे फक्त शिशाला. पॅकवैद्यांनी लिथियमबद्दल सांगितलंय ते तसंच.

---

फवारा_१२व्ही

याच धाग्यात विचारतो. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आहे. सोबतचा अडॅप्टर १.७ अँपिअरचा. पूर्वी दिवसभर पुरायची, आता दोन टाक्यांत दाब पडतो. मोवरवाल्या १० अँपिअरच्या चार्जरने पटकन भरली तर?

---

पॅकवैद्य

नको. या आकाराच्या सीलबंद बॅटऱ्यांवर कमाल सुरुवातीचा करंट बहुधा छापलेला असतो, क्षमतेच्या ०.३ पट, म्हणजे ८ अँपिअर-तासांना २.४ अँपिअर. १० अँपिअरने आत वायूचा दाब वाढून सुरक्षा झडप उघडेल, पाणी कायमचं जाईल, कवच फुगेल. तुमचा १.७ चा अडॅप्टर योग्य आहे.

दाब पडायचं कारण बहुतेक वेळा वापरायची पद्धत असते. पंपाची मोटर आवाज बदलून हळू फिरू लागली की लोक तशीच टाकी संपवतात. १०.५ व्होल्टच्या खाली अशा बॅटरीला नेऊ नये, आणि प्रत्येक खोल उतारानंतर तिचं आयुष्य घटतं. फवारणी अर्धीच झाली असली तरी घरी आल्यावर त्याच दिवशी पूर्ण भरा. आधी एक तपासणी मात्र करा: भरलेली बॅटरी पंप चालू असताना मोजा. १२ च्या वर टिकून आहे आणि तरी दाब कमी, तर नोझल, गाळणी किंवा पंपाचा डायफ्रॅम बघा. बॅटरीचा दोष नाही. दोन मिनिटांत ११ च्या खाली आली तर बॅटरी बदला. बदलताना लिथियम आयर्न फॉस्फेट बसवणार असाल तर जुना अडॅप्टर चालणार नाही असंच धरा, नव्या बॅटरीच्या लेबलवर लिहिलेल्या व्होल्टेजचाच चार्जर घ्या. शून्य अंशाखाली चार्जिंग तिलाही वर्ज्य.

---

हिरवळ_२८

समतोल चार्जचे चार टप्पे झाले. तो सेल १.१९५, १.२०५, मग सलग दोनदा १.२०५. बाकीचे १.२६५. म्हणजे गेलाच ना?

---

अँपिअरतास

हो, गेला. उघड्या पडलेल्या प्लेटा परत आल्या नाहीत. आता त्या बॅटरीत वेळ घालू नका; जुनी द्याल तिथे ॲसिडसकट उभी न्या, आडवी नाही.

नवी घेताना जुनीची लांबी-रुंदी-उंची मोजून घ्या, आणि टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते बघा. मोवरच्या एकाच मापाच्या बॅटऱ्या पॉझिटिव्ह डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन्ही मिळतात. उलटी आली की केबल पोचत नाही, आणि ओढून-ताणून उलटं जोडलं गेलं तर रेग्युलेटरमधले डायोड क्षणात जळतात. उत्पादनाचा महिना जितका अलीकडचा तितकं चांगलं. दुकानातून आणल्यावर १२.५ च्या खाली दाखवत असेल तर बसवण्याआधी पूर्ण चार्ज करा. मोवरच्या स्टेटरवर ते काम सोपवू नका. पकडपट्टी घट्ट आवळा. सैल बॅटरी कंपनांनी प्लेटांवरचा माल झाडते. आणि केबल जोडण्याआधी मीटरधारींनी सांगितलेली ती मिलिअँपिअरची तपासणी करून घ्या, नाहीतर ही बॅटरीही साडेचार महिन्यांत ११.७ वर येईल.